‘पुरवलेली’चा रकाना

माझ्या घरी रोज आठ वर्तमानपत्रं येतात. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत काहींना वाटतं की या बाईचा रद्दीचा धंदा आहे, आणि काहींना वाटतं की डोक्यावर परिणाम झाला आहे. पेपर टाकणाऱ्याला मात्र माझ्याबद्दल फार आदर आहे. सकाळी सहा ते नऊ मी जेवणाच्या टेबलावर आठही पेपर पसरून बसते. हातात लाल पेन, शेजारी फूटपट्टी. वाचते म्हणजे तपासते. कुठल्या पक्षाची कुठली बातमी खरोखर कुणी लिहिली असावी, हे शोधणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी याच शहरातल्या एका दैनिकात डेस्कवर उपसंपादक होते. बाहेरून आलेल्या बातम्या कापायच्या, सांधायच्या, त्यांना मथळे द्यायचे आणि पानात बसवायच्या, हे आमचं काम. वाचकाला वार्ताहराचं नाव दिसतं, आमचं दिसत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. न दिसण्याचे फायदे पुष्कळ असतात, आणि त्यातला एक फायदा पुढे मला चांगलाच महागात पडला.

निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत एका संस्थेचा फोन आला. ही संस्था दर निवडणुकीनंतर एक अहवाल काढते. राजकीय पक्ष वर्तमानपत्रांशी, वाहिन्यांशी आणि हल्ली मोबाइलवरच्या गटांशी कसे वागतात, आणि त्या वागण्यातून लोकशाहीला कुठे धोका संभवतो, याचा तो अहवाल. जिल्ह्यासाठी एक निरीक्षक नेमतात. आमच्या जिल्ह्यासाठी मी. भाषा मोठी वाटते, पण काम किराणा दुकानदाराच्या वजनकाट्याइतकं साधं आहे. मला तीनच गोष्टी पाहायच्या असतात. बातमी पत्रकारानं लिहिली की पक्षानं लिहून पुरवली? पक्षाच्या सभेत, पत्रकार परिषदेत माणसांना प्रश्न विचारता आले का? आणि पक्षाकडून खोटं काही पसरलं, तर त्यांनी ते जिथे पसरवलं तिथेच, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्त केलं का?

पहिल्या प्रश्नासाठी माझ्या तक्त्यात एक रकाना आहे: ‘पुरवलेली’. त्यात खूण पडली की पक्षाचे गुण कमी होतात. पुरवलेली बातमी ओळखण्याच्या काही युक्त्या आहेत. ‘जनसागर उसळला’ असं वाक्य तीन पेपरांत एकाच दिवशी दिसलं, तर जनसागर एकाच माणसाच्या डोक्यात उसळलेला असतो. एकदा मे महिन्यातल्या सभेचा फोटो चार पेपरांत आला. आमच्याकडे मे महिन्यात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि फोटोतले निम्मे पुरुष स्वेटर घालून कानाला मफलर गुंडाळून बसलेले. फोटो कुठल्यातरी जानेवारीतला, पक्षाच्याच कपाटातला. ती खूण करताना मला जी मजा आली, ती अठ्ठावीस वर्षांत चार वेळा आली असेल.

पण सगळ्यात खात्रीची युक्ती म्हणजे शब्द. दोन माणसं एकच सभा ऐकून शब्दाला शब्द सारखं लिहीत नाहीत. त्यामुळे तीन पेपरांत एकच बातमी स्वल्पविरामासकट सारखी आली, की ती पुरवलेली. हा नियम मीच घालून दिला आणि संस्थेनं तो बाकीच्या जिल्ह्यांनाही पाठवला. मला त्याचा अभिमान होता. होता, असं मुद्दाम लिहिते.

या कामात ज्यांच्याशी माझा सतत संबंध आला, ते अंकुशराव. एका मोठ्या पक्षाचे जिल्ह्याचे माध्यमप्रमुख. राहायला बजाजनगरात. पूर्वी वाळूजच्या कारखान्यात मशिनीवर होते, मग युनियनमध्ये गेले, तिथून पक्षात. पहिला अहवाल निघाला तेव्हा त्यांच्या पक्षाला दुरुस्तीच्या प्रश्नात शून्य मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेढे घेऊन दारात. पेढे मी परत केले. ते चिडले नाहीत, खुर्ची ओढून बसले.

“मॅडम, शून्य म्हणजे लईच झालं. आमचा पोरगा दहावीला गणितात नापास झाला होता, त्याला बी सात होते.”

“तुम्ही एकही चूक कबूल केली नाही, अंकुशराव.”

“कबूल केल्यावर किती मिळत्यात?”

मी सांगितलं की ते चुकीवर अवलंबून आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या निवडणुकीच्या प्रचारात त्यांच्या पक्षाकडून माझ्याकडे दिलगिरीपत्रकांचा पाऊस सुरू झाला. ‘कालच्या पत्रकात सभेची वेळ पाच अशी छापली गेली, ती साडेपाच होती, पक्ष दिलगीर आहे.’ ‘परवाच्या पत्रकात मा. तालुकाध्यक्षांच्या नावाआधी मा. राहून गेले, पक्ष दिलगीर आहे.’ त्याच आठवड्यात विरोधी उमेदवाराच्या तोंडी भलतंच वाक्य घातलेली एक चित्रफीत त्यांच्याच कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरवली. तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी पुन्हा शून्य दिलं. अंकुशराव फोनवर कळवळून म्हणाले, “मॅडम, अकरा माफ्या मागितल्या हो!”

तेव्हापासून मी त्यांना हसण्यावारी न्यायला लागले. माणूस लबाड आहे पण गमतीचा आहे, असं माझं ठरून गेलं होतं. एकदा ठरलं की मग त्या माणसाचं खरं बोलणंही ऐकू येत नाही.

विधानसभेच्या निवडणुकीत अजिंठ्याच्या बाजूच्या बातम्यांत मला सारखेपणा दिसायला लागला. अंकुशरावांच्या पक्षाच्या उमेदवाराच्या सभा, आणि तीन पेपरांत शब्दशः एकच बातमी. प्रचाराच्या काळात असं पाच वेळा झालं. त्यातली एक मला अजून पाठ आहे. रखडलेली पाणीयोजना पुढच्या उन्हाळ्याआधी पूर्ण करू, अशी ग्वाही उमेदवारानं दिली, टाळ्या पडल्या, बातमी संपली. मी पाचही बातम्या फूटपट्टीनं मोजल्या, कात्रणं डकवली आणि रकान्यात पाच खुणा केल्या. अहवालात आम्ही वार्ताहराचं नाव छापत नाही, तो संस्थेचा नियम. फक्त तारीख, पेपर आणि गाव.

अहवाल निघाल्यावर अंकुशराव आले. या वेळी पेढे नव्हते.

“मॅडम, बाकीच्या आमच्या, मान्य. पण ह्या अजिंठ्याच्या पाच आमच्या नायत. खरं सांगायलो.”

“तीन पेपरांत शब्दाला शब्द सारख्या आहेत.”

“असतील. पण आमची बातमी एवढी साधी असती का? तुफान नाय, जल्लोष नाय, फटाके नायत. ‘ग्वाही दिली’ म्हणं! आम्ही पुरवली असती तर वाचूनच कळलं असतं तुमाला.”

मी हसले. चहा दिला आणि वाटेला लावलं. डेस्कवर मी हजारो बातम्या वाचल्या होत्या, आणि कारखान्यातून आलेला हा माणूस मला बातमी कशी ओळखायची ते शिकवत होता. खरं तर त्याचा मुद्दा बिनतोड होता.

महिनाभरानं एका दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर पस्तिशीची एक बाई, खांद्याला पिशवी, एसटीच्या प्रवासानं चेहरा धुळकटलेला.

“मी संघमित्रा साळवे. अजिंठ्याहून आले. त्या पाच बातम्या माझ्या हायत.”

मी तिला आत घेतलं. ती पाणी प्यायली आणि तिनं सरळ विषयाला हात घातला. अजिंठ्यात तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सोबत नऊ वर्षं एका पेपरची वार्ताहर. दुसऱ्या दोन पेपरांचे वार्ताहरही तिथलेच. एकाचं औषधाचं दुकान, दुसरा शेती बघतो. तिघांनाही रोज गावोगाव फिरणं जमत नाही, म्हणून त्यांच्यात एक ठरलेलं होतं. सभेला संघमित्रानं जायचं, बातमी लिहायची, आणि तिघांनी ती आपापल्या पेपरला पाठवायची. तालुक्याच्या ठिकाणी सर्रास चालणारी पद्धत. डेस्कवर बसून ती मला अठ्ठावीस वर्षांत कधी दिसली नव्हती, कारण मी फक्त माझाच पेपर पाहत होते.

“पण नुसतीच ग्वाही कशी?” मी विचारलं. “त्या बातमीत दुसरी बाजू नाही, प्रश्न नाही.”

तिनं मोबाइल काढला आणि पेपरला पाठवलेली मूळ बातमी माझ्यापुढे धरली. पाठवल्याची तारीख, वेळ, सगळं होतं. चार परिच्छेद. छापून आले होते तीन. चौथ्यात लिहिलं होतं की, गावातल्या कमलबाईंनी उभं राहून विचारलं, गेली पाच वर्षं तुमचाच पक्ष होता, मग योजना कुणी अडवली? त्यावर उमेदवार उत्तर न देता खाली बसले आणि सभा आटोपती घेण्यात आली.

मी बाकीच्या चार पाहिल्या. त्यातल्या तीन बातम्यांच्या शेवटी असंच काहीतरी होतं, आणि तिन्ही ठिकाणी शेवट गेलेला.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तालुक्याच्या पानावर सभेच्या बातमीला ठरावीक जागा असते. बातमी लांब झाली की डेस्कवरचा माणूस ती तळातून कापतो. विचार करत नाही, हात आपोआप चालतो. तीन पेपरांतल्या तीन माणसांनी एकाच जागी कापली, कारण तिघांकडे जागा सारखीच होती. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं हेच केलं. माझ्या हातून असे किती प्रश्न तळाशी गेले असतील, देव जाणे. आणि तीच मी, कापलेल्या बातमीकडे पाहून लिहिणारीला विकाऊ ठरवून मोकळी झाले. एक फोन केला असता तर कळलं असतं.

“प्रश्न वर का नाही लिहिलात?” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“सभेत प्रश्न शेवटीच इचारतात ना मॅडम.”

मग तिनं पुढचं सांगितलं. नाव छापलं नसलं तरी अजिंठा म्हटल्यावर कोण, ते सगळ्यांना कळलं. बाकीच्या दोघांना त्यांच्या पेपरांनी विचारलं, तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं की बातमी संघमित्राकडून घेतली. दोघांची वार्ताहरकी राहिली. हिच्या पेपरनं ओळखपत्र परत मागवलं. विरोधी पक्षाच्या माणसानं चौकात अहवालाचं पान फडकवून भाषण केलं. लोक तिच्यासमोर बोलायचे थांबले. हे सगळं तिनं सपाट आवाजात सांगितलं, फॉर्मवरचा पत्ता वाचून दाखवावा तसं. कमलबाईंचं सांगताना मात्र तिचा आवाज चिरकला.

“ती माझ्या दुकानात येत नाय आता. तिला वाटतं, तिचा प्रश्न मी विकला.”

मी माफी मागितली. आजच्या आज तुमचं नाव त्यातून काढायला लावते, असंही म्हणाले.

ती म्हणाली, “माझं नाव तुम्ही लिहिलंच कुठं हाय? लिहिलं असतं तर काढता आलं असतं.”

मी तिच्याकडून मूळ बातम्या माझ्या मोबाइलवर घेतल्या.

मी संस्थेच्या संचालकांना फोन लावला. सज्जन माणूस. ते म्हणाले, “आपण कुणाचं नावच घेतलेलं नाही, तर दुरुस्ती कुणाबद्दल करायची?” मी पुराव्यासकट पत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी संस्थेच्या संकेतस्थळावर अगदी खाली दोन ओळी आल्या: ‘काही नोंदींच्या वर्गीकरणात बदल करण्यात आला आहे.’ एखाद्या पक्षानं अशी दुरुस्ती केली असती तर मी त्याला शून्य दिलं असतं. संस्थेला मी तसं लिहून कळवलं, माझ्या सहीनिशी. उत्तर आलं नाही, पण काम काढूनही घेतलं नाही.

मग मी संघमित्राच्या पेपरच्या ऑफिसात गेले. तिथला संपादक प्रदीप, एके काळी माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं उठून नमस्कार केला, सगळं ऐकून घेतलं, मूळ बातमी वाचली.

“ताई, तुमचं पटतं मला. पण आता जागा भरली तिथली.”

“कुणाला घेतलं?”

“आहे एक जण. तरतरीत आहे. रोज बातमी पाठवतो, फोटोसकट, वेळेवर. काही कापावं लागत नाही.”

मी उठले. त्याला कापायला मीच शिकवलं होतं.

शेवटी मी अजिंठ्याला गेले. दुरुस्ती जिथे चूक पसरली तिथेच हवी, हा माझाच तिसरा प्रश्न. संघमित्रा मला कमलबाईंच्या दारापर्यंत घेऊन गेली आणि स्वतः मागे थांबली. कमलबाई साठीच्या, अंगणात ज्वारी पाखडत बसलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. बातमी कशी लिहिली, कशी कापली, मी कशी चुकले. मोबाइलवरचा चौथा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी सूप खाली ठेवून शांतपणे ऐकलं.

“हे तुम्ही आता सांगायलात,” त्या म्हणाल्या. “पेपरात कुठं हाय?”

“पेपरात नाही आलं.”

“मंग झालं तर.”

त्यांनी सूप पुन्हा उचललं. मागे वळून पाहिलं, तर संघमित्रा रस्त्याकडे तोंड करून उभी होती. बसस्टँडपर्यंत ती माझ्यासोबत चालत आली, बसमध्ये जागा धरून दिली, आणि जाताना “पोचल्यावर फोन करा” म्हणाली. तिच्या रागाला तोंड द्यायची माझी जास्त तयारी होती.

त्यानंतर मी माझा नियम बदलला. आता सारखी बातमी दिसली की खूण करण्याआधी त्या गावात फोन करते. निम्म्या वेळा कुणा एकानं लिहून बाकीच्यांना दिलेली असते. उरलेल्या निम्म्या पक्षाच्या असतात, आणि त्या अंकुशराव म्हणाले तशा, वाचूनच कळतात. त्यांना मी हे कबूल केलं. ते म्हणाले, “मॅडम, कबूल केल्याचे किती?” मी स्वतःला दहापैकी चार दिले. ते म्हणाले, पाच द्या, उशिरा का होईना.

पुढे स्थानिक निवडणुका आल्या. एका सकाळी अजिंठ्याची बातमी तीन पेपरांत दिसली, शब्दाला शब्द. अंकुशरावांच्याच पक्षाची. ‘अजिंठ्यात जल्लोषाचे तुफान.’ चारही परिच्छेद जसेच्या तसे, तळातूनही काही कापलेलं नाही. एक प्रश्नही नाही.

नियमाप्रमाणे मी फोन लावला. अजिंठ्यात विचारायला माझ्याकडे एकच नंबर होता.

“व्हय मॅडम, वाचली,” संघमित्रा म्हणाली. मागे झेरॉक्सच्या मशिनीचा आवाज येत होता. “पुरवलेली हाय. माझ्या जागी घेतलेला पोरगा पक्षाचाच हाय, शाखेचा सचिव. बाकीचे दोघं आता त्याच्याकडून घेतात.”

“नक्की ना? मला खात्री करूनच लिहायचं आहे.”

“नक्की म्हणजे काय, माझ्याच दुकानात टाईप करून नेली त्यानं. गावात दुसरीकडं मराठी टाईप होत नाय. लई चुका होत्या, मी नीट करून दिल्या. सवय जात नाय मॅडम. लिहा तुम्ही.”

मी पेन उचललं आणि अजिंठ्यापुढे ‘पुरवलेली’च्या रकान्यात खूण केली. या वेळी नोंद बरोबर होती.